एक्टमी म्हणजे कापून काढणं

आम्ही गाव सोडलं तेव्हा दादा आम्हाला एस.टी.वर घालवायला आला होता. पत्र्याची ट्रंक त्यानं एकट्यानं टपावर चढवली, दोरी आवळली आणि खाली उतरून माझ्या खिडकीशी उभा राहिला. पलटणीतून पेन्शनवर येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. अंगानं अजून ताठ होता. माझ्या मालकांना मिरजेला रेल्वेत नोकरी लागली होती, म्हणून आम्ही निघालो होतो. मी पदर तोंडाला लावून रडत होते.

"रडतीस कशाला सुमे?" दादा म्हणाला. "मिरज म्हंजे दवाखान्यांचं गाव. आजारी पडायची चैन झाली की तुझी."

"आवं, जाताना असलं बोलत्यात व्हय?" वहिनी मागून त्याच्यावर ओरडली.

गाडी हलली. आईवडील आमचे लवकर गेले. त्यामुळे खटावाकडचं ते गाव म्हणजे मला ही दोन माणसंच. धुळीत ती दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवून बसले होते.

मिरजेत पहिल्यांदा मला काय दिसलं असेल, तर एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटं. जो तो ते पाकीट काखेत धरून चाललेला. आमच्याकडं आजार घरात असायचा, वाकळेखाली. इथं तो रस्त्यानं हिंडत होता. दुकानदार मराठीत मधेच कानडी बोलायचे आणि मी नुसती मान हलवायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यात परक्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही. वर्षभर मी कुणाशी धड बोलले नसेन.

मग शेजारणीच्या ओळखीनं नर्सिंगला शिकणाऱ्या तीन मुली माझ्याकडं जेवायला यायला लागल्या. साऱ्या खेड्यातल्या, मराठी शाळेत शिकलेल्या, आणि इथली पुस्तकं इंग्रजी. त्यांचंही माझ्यासारखंच झालं होतं. मी भाकरी थापायची आणि त्या भिंतीला टेकून मोठ्यानं पाठ करायच्या. गॅस्ट्रो म्हणजे जठर. नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड. हेपॅटो म्हणजे यकृत. शेवटी आयटिस आलं की सूज. ओमा आलं की गाठ. एक्टमी म्हणजे कापून काढणं. रोज ऐकून ऐकून माझे हात त्या तालावर पडायला लागले.

त्यातली तासगावकडची शैला भारी धीट. हाडं पाठ करायची वेळ आली की म्हणायची, "मावशी, इकडं या, खांदा द्या." मग गळ्याखालच्या हाडापासून सुरुवात. बरगड्या एक-एक बोटानं मोजायची. मी लाजून अर्धी व्हायचे. माझ्या मालकांनीसुद्धा माझ्या बरगड्या कधी मोजल्या नव्हत्या.

"मावशी, लाजू नका हो. सांगाडा लाजत नाही," ती म्हणायची आणि तिघी खिदळायच्या.

गावी आम्हाला एवढी नावं कुठं ठाऊक होती? पोटात दुखतंय म्हटलं की झालं. ओवा खा, शेक घे, पडून राहा. कातडीच्या आत काय आहे ते बघायचं नसतं, असंच आम्ही समजत होतो. त्या मुलींमुळं मला आतलं कळायला लागलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. मिरजेत मला काहीतरी येतंय, असं वाटायचं.

अशात एक दिवस वहिनी दादाला घेऊन दारात उभी राहिली. मी त्याला ओळखलंच नाही. डोळे हळदीसारखे, गळ्याची हाडं वर आलेली, पॅन्ट दोरीनं बांधलेली. गावात कावीळ म्हणून पाल्याचं औषध चाललं होतं, महिन्यामागून महिने.

"लय येळ लावला, व्हय?" वहिनी मला विचारत होती. मी चहा टाकला.

दवाखान्यात दादाला दाखल करून घेतलं. तपासण्या झाल्या. मग एका सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन खाटेपाशी आले. एकेकानं दादाच्या उजव्या बरगडीखाली दाबून पाहिलं. दादा दात आवळून पडला होता. मालक कामावर, वहिनी खाली औषधाच्या रांगेत. मी एकटी भिंतीशी.

ते इंग्रजीत बोलत होते. हेपॅटो, एवढं मला कळलं. देवा, पुढं आयटिस म्हणू देत, एवढंच मनात. ते म्हणाले, हेपॅटोमा.

तरीही मी धीर सोडला नाही. गाठ तर गाठ, आता एक्टमी म्हणतील. मी त्या एका शब्दासाठी कान देऊन उभी राहिले. डॉक्टर बोलले, शिकाऊ डॉक्टरांनी लिहून घेतलं, कुणी काही विचारलं. एक्टमी कुणी म्हणालं नाही. ते पुढच्या खाटेकडं गेले.

दादा माझ्याकडं बघत होता. "सुमे, तू मिरजंची. काय म्हनला त्यो?"

मी त्याचं पांघरूण उगीच नीट केलं.

त्यानं माझ्या तोंडाकडं थोडा वेळ पाहिलं आणि हसला. "पलटनीत आमी म्हनायचो, सायेब आपल्याम्होरं इंग्रजीत बोलाय लागला की समजायचं, गड्या, बदली आली."

संध्याकाळी मुली जेवायला आल्या तेव्हा मी शैलाला विचारलं, "ओमा असलं की एक्टमी करतातच ना गं?"

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "प्रत्येक वेळेला नाही करता येत, मावशी."

"मग काय करतात?"

"ते आम्हाला अजून शिकवलं नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. एवढी धीट पोरगी. त्यानंतर मुली माझ्या घरात मोठ्यानं पाठ करीनात. ती शांतता मला जास्त लागायची.

डॉक्टरांनी मालकांना बाहेर बोलावून सांगितलं. दादानं घरी न्यायचा हट्ट धरला. त्याच्याबरोबर मीही गावी गेले आणि शेवटपर्यंत राहिले. "हितं दाब जरा," तो म्हणायचा. मी दाबायचे. माझ्या हाताखाली काय काय आहे, ते सगळं मला नावानिशी ठाऊक होतं. पण माझ्याजवळ हात तेवढा होता.

दादाला जाऊनही आता बरेच दिवस झाले. गावी गेले की बायका जमतात. कुणी डोळा दाखवतं, कुणी पोट. "तू मिरजंची, तुला कळतंय," म्हणतात, आणि माझ्या डोक्यात ती नावं आपोआप सुरू होतात. नकोशी वाटतात. जिथं आपल्याला काही कळत नसलं तरी चालतं, ते माहेर. माझं तसं माहेर कुठं राहिलं?

मागच्या खेपेला रात्री वहिनी म्हणाली, "गुडघा लय ठणकतोय गं."

कधीपासून, सूज आहे का, मी काही विचारलं नाही. तेल कोमट केलं आणि तिचा पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. चोळता चोळता तिचा डोळा लागला. तेवढा वेळ मी माहेरी होते.