सर, मी तिला विचारलं

वैरागच्या शाळेनं मला जे शिकवलं ते सगळं सोलापुरात उपयोगी पडलं, एक गोष्ट सोडून. गुरुजी बोलू लागले की उठून उभं राहायचं आणि 'हो' म्हणायचं. या एका गुणानं माझा खेळ बुडत आला होता.

खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. आपलं पात्र काय करेल हे ज्याचं त्यानं ठरवायचं; ते जमेल का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रसंग मी सांगायचो. रविवारी दुपारी मित्राचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस बंद असे, तिथं आम्ही तिघं जमायचो. मी, तो मित्र आणि टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर ऑर्डरी घेणारी एक मुलगी. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पदवी सगळ्यांच्या उपकारानं मिळाली. स्वतः उभं केलेलं असं माझ्याकडे हे टेबलच होतं.

चौथे आले ते सर. कॉलेजात त्यांनी मला शिकवलं होतं, आता निवृत्त होते. माझा प्रवेशाचा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरला होता, कारण आमच्या घरात तो कुणालाच भरता येत नव्हता. अशा माणसाला "एकदा येऊन बघा सर" म्हणणं मला कर्तव्य वाटलं. सर बघायला आले आणि चहा येईपर्यंत खेळाडू झाले. त्यांनी योद्धा घेतला.

आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच द्यायची त्यांना सवय. मी मित्राला विचारायचो, "तुझा व्यापारी काय करतो?" सर सांगायचे, "तो गप्प बसतो." फासा वाईट पडला की म्हणायचे, "हा धरू नकोस, हात निसटला." मी धरत नसे. शिवाय ते बोलत असेपर्यंत मी उभा. मित्र कुजबुजायचा, "बस की बे, हजेरी घेत नाहीयेत ते."

त्या मुलीचं पात्र कुलपं उघडण्यात पटाईत होतं. गोष्टीतल्या किल्ल्याच्या दाराची ती तीन रविवार वाट बघत होती. पहारा कधी बदलतो तेसुद्धा तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. दार आलं. मी तिला विचारलं, "काय करतेस?"

"ती मागं थांबेल," सर म्हणाले. "धोका आहे. दार मी फोडतो."

"बरं सर," मी म्हणालो. दार फुटलं.

खेळ संपल्यावर तिनं पात्राचा कागद माझ्यापुढे ठेवला. "दादा, हे तुमच्याकडंच ठेवा. माझं बी सरच खेळतात की."

ती गेल्यावर मित्र म्हणाला, "ती नाही तर मी बी नाही. मग तू आन् सर दोघं बसा. तास घ्या."

मी इंटरनेटवर उपाय शोधला. त्रास देणाऱ्या खेळाडूशी एकट्यात, शांतपणे, स्पष्ट बोलावं, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यांचे अर्ज बहुधा त्यांचे त्यांनीच भरले असावेत. तरी तीन वाक्यं पाठ करून मी सरांच्या घरी गेलो. सरांनी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्यांच्या पत्नीनं शिरा दिला. दुसऱ्या घासाला माझ्या तोंडून वाक्य निघालं ते असं, "सर, तुमच्यामुळं आमच्या खेळाला शिस्त आली."

पुढच्या रविवारी सर सूचनांची वही घेऊन आले.

मुलगीही आली होती. "शेवटचं एकदा ये" म्हणून मी फोनवर विनवलं होतं. किल्ल्याच्या आत तळघर होतं, त्याला लोखंडी कुलूप. मी तिच्याकडे बघून विचारलं, "काय करतेस?"

"ती दिवा धरेल," सर म्हणाले.

मुलीनं पर्स खांद्याला लावली.

"सर, मी तिला विचारलं," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण ओळखीचा वाटेना.

"अरे, पण तिला जमणार नाही."

"नाही जमलं तर नाही जमलं. मी तिला विचारलं, सर."

सरांनी चष्मा काढला. "वर्गात तू असं कधी बोलला नाहीस."

"नाही सर."

मित्र पंख्याकडे बघत बसला. मुलीनं पर्स खाली ठेवली, फासा उचलला आणि टाकला. वीसपैकी तीन. कुलपाचा खडखडाट झाला, पहारेकरी धावत आले आणि योद्ध्यासकट सगळे कोठडीत गेले.

"मी सांगितलं होतं," सर म्हणाले.

"व्हय सर," ती म्हणाली, "पण पकडली गेले ती माझ्या हातानं." आणि इतकी हसली की मित्रालाही पंखा सोडावा लागला. जाताना तिनं कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

सर मात्र हसले नाहीत. जिन्यात एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी जमेलसं वाटत नाही." त्यांची स्कूटर वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. अर्ज भरणाऱ्या हाताला आपण काय दिलं, तर कोठडी.

बुधवारी माझ्या ऑफिसात सरांचा फोन आला. मी सवयीनं खुर्चीवरून उठलो.

"त्या कोठडीला खिडकी आहे का रे?" सरांनी विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. लांबी-रुंदीसकट होतं.

"ते रविवारी विचारा, सर," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर."