तिसरी गोळी

तर तो जॅमचा पाव टेबलावर तसाच पडलेला, आणि त्यातून गोळी डोकावतेय. शाळेच्या सिस्टरनं आधी पावाकडे पाहिलं, मग पाव आणणाऱ्या आईसाहेबांकडे.

"पोराला कळू नये म्हणून आत घातलीय," आईसाहेब म्हणाल्या. "तुम्ही फक्त बारा वाजता पाव खाऊ घाला."

"आणि अर्धा पाव मित्रानं खाल्ला तर?"

आईसाहेबांनी विचार केला. विचार करायची सवय नसली की चेहरा कसा होतो, ते पाहायला तिकीट लावलं असतं तरी गर्दी झाली असती. "मग उरलेली अर्धी उद्या पाठवते," त्या म्हणाल्या.

सिस्टरनं पाव परत दिला. गोळीसकट.

असल्या नगांशी झगडण्यात तिची चौदा वर्षं गेली. जिन्याखाली तिची खोली. एक खाट, एक वजनकाटा, गळका नळ, आणि लोखंडी कपाट. कपाटाची किल्ली गोफात ओवून गळ्यात घातलेली, म्हणून पोरं तिला कुलूपबाई म्हणायची. तोंडावर सिस्टर, पाठीमागे कुलूपबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं जास्त आवडायचं.

शाळेत सातआठ मुलं अशी, की ज्यांचं लक्ष एका जागी ठरत नाही, पाय खुर्चीत राहत नाहीत. डॉक्टर त्याला एडीएचडी म्हणतात, गोळ्या लिहून देतात, आणि दुपारची गोळी शाळेत द्यायची असते. सिस्टरची रीत ठरलेली. गोळ्या औषधाच्या दुकानातल्या मूळ डबीतच आल्या पाहिजेत, मोठ्या माणसाच्या हातून आल्या पाहिजेत, आणणाऱ्यानं आणि तिनं मिळून मोजून वहीत सही केली पाहिजे. गोळी घेताना मुलानं आधी दोन बिस्किटं खायची, मग गोळी, मग जीभ वर करून दाखवायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पाव गोळीसुद्धा इकडची तिकडे नाही.

मुलांना ही रीत दोन दिवसांत समजायची. आईबापांना चौदा वर्षांत समजली नाही. कुणी म्हणे, आज घरी पाहुणे आहेत, गोळी देऊ नका, जरा हसरा राहू दे. दुसऱ्याच दिवशी तेच म्हणणार, काल फार हसला, आज दोन द्या. एका बापानं तर कमालच केली. ज्याला कसलाही आजार नाही अशा थोरल्यासाठी त्यानं चार गोळ्या मागितल्या, अभ्यासाला जोर येतो म्हणून. सिस्टर म्हणाली, "थोरल्याला आणा, आधी त्याची जीभ बघते. मग तुमची बघते, फार लांब दिसतेय." तो पुन्हा जिन्याखाली फिरकला नाही.

आणि ज्यांना काही मागायचं नसे ते ज्ञान द्यायला येत. आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं काही! दोन रट्टे दिले की मूल सरळ. हे सांगणारे गृहस्थ स्वतः तीन वाक्यं एका विषयावर बोलू शकत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्यांत सिस्टरचा जीव एकीवर. आठ वर्षांची पोर, नाव राहिलं बाजूला, सिस्टर तिला भिंगरी म्हणायची. खोलीत आली की वजनकाट्यावर चढणार, उतरणार, नळ घट्ट करायला बघणार, आणि तेवढ्यात पाच प्रश्न विचारून मोकळी.

भिंगरीच्या आईबापांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. घर एक, पण त्यात संसार दोन. निरोप फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून. आई एका मोठ्या ऑफिसात वरच्या खुर्चीवर, बाप शाळेच्या कमिटीवर. कमिटीवर म्हणजे सिस्टरचा वर्षाचा करार पुढे चालवायचा की नाही, हे ठरवणाऱ्या पाच जणांत एक. आणि सिस्टरचं घर त्या करारावर उभं होतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. हाताला कंप सुटला तेव्हापासून घरीच.

एके दिवशी सकाळी भिंगरीच्या आईनं दप्तरातून चिठ्ठी पाठवली: सकाळची गोळी मी दिली आहे, हिच्या वडिलांच्या भरवशावर राहू नये, आज एक वाजता स्कॉलरशिपची परीक्षा आहे, दुपारची न चुकता द्यावी. सिस्टरनं चिठ्ठी वहीला टाचली. रोजचंच होतं.

बाराला वर्गाच्या बाई स्वतः भिंगरीला हाताला धरून घेऊन आल्या. खूश होत्या. "सिस्टर, आज बघा किती शहाण्यासारखी बसली! सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

सिस्टरनं पोरीकडे पाहिलं. ओठ कोरडे. डबा जसाच्या तसा. वजनकाट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि मांडीवर ठेवलेली बोटं बारीक थरथरत होती. तसली थरथर सिस्टर रोज संध्याकाळी चहाच्या कपावर बघायची. नवऱ्याच्या वयाला ती समजते, आठ वर्षांच्या पोरीला नाही.

"शहाणी नाही, बाई," ती म्हणाली. "ही आजारी आहे. तुम्हाला गप्प बसलेलं मूल दिसलं की पुढचं दिसत नाही."

बाई फणकाऱ्यानं गेल्या. सिस्टरनं नाडी धरली. एकशे अठ्ठावीस.

"भिंगरे, सकाळी गोळी घेतलीस?"

"हो. एक पप्पांनी दुधाबरोबर दिली. एक मम्मीनं गाडीत."

"दोन? अगं, मग सांगायचं नाही का?"

"पप्पा म्हणाले मम्मीला सांगू नको, तिला कुठे आठवणार आहे. मम्मी म्हणाली पप्पांना सांगू नको."

"आणि मला?"

"तुमचं कुणी काहीच म्हणालं नव्हतं," पोर म्हणाली. "तुम्ही विचारलंच नाही."

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपण ऐकत आलो. या दोघा शहाण्यांनी म्हणच उलटी करून दाखवली. पाहुण्याला दोन्हीकडे वाढलं, आणि वर तिसऱ्या घरी जेवायला धाडला!

सिस्टर पोरीला पाणी पाजतेय, तोच बाप दारात. मागे मुख्याध्यापक, हात चोळत. कमिटीचा माणूस पुढे असला की मुख्याध्यापकांच्या हातांना दुसरं काम नसे.

"दिली का?" बापानं विचारलं. "हिच्या आईला आठवण राहत नाही, सकाळची मी दिलीय. आता परीक्षा आहे, एकाऐवजी दीड द्या."

"सकाळची तिच्या आईनंही दिलीय."

"अशक्य. ती विसरते."

"ही चिठ्ठी. आणि ही तुमची पोर. नाडी मोजता येते तुम्हाला? धरा मनगट."

बापानं मनगट धरलं नाही. घड्याळाकडे पाहिलं. "पाऊण तासात परीक्षा आहे. तुम्ही नर्स आहात, डॉक्टर नव्हे. पालक सांगतात ते करायचं."

"सिस्टर, जरा समजुतीनं घ्या," मुख्याध्यापक म्हणाले. "करार वगैरे सगळं याच महिन्यात आहे."

सिस्टरला घर आठवलं. आठवणारच, तिथे थरथरणारा कप होता. तिनं किल्ली पोलक्याच्या आत टाकली आणि पोरीच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आज आणखी एकही गोळी नको, आत्ताच्या आत्ता घेऊन या. परीक्षा गेली. बाप पोरीला घेऊन निघाला तो सिस्टरकडे न बघता, आणि जाताजाता बायकोला फोनवर ओरडू लागला. एवढ्या दिवसांत दोघं पहिल्यांदा बोलली, तेही चूक कुणाची यावर. भिंगरी दोन दिवसांत बरी झाली.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा कागद आला: पालकांनी लेखी व तोंडी सांगूनही औषध का दिले नाही, खुलासा करावा. चोराच्या उलट्या बोंबा, आणि वर शाळेचा शिक्का.

संध्याकाळी सिस्टर खुलासा लिहायला बसली. नवरा म्हणाला, "जरा गोड लिही गं."

"गोड खोकल्याच्या औषधात असतं," ती म्हणाली, आणि कागदावर लिहिलं ते अक्षर न अक्षर असं:

"मा. मुख्याध्यापक यांस. दुपारी बारा वाजता मुलीची नाडी एकशे अठ्ठावीस होती. सकाळची एक गोळी वडिलांनी दिली, तीच आईनेही दिली. दोघांनी मला कळवले, एकमेकांना विचारले नाही. तिसरी देणारी मी उरले होते. ती मी दिली नाही, ती कपाटात आहे, येऊन मोजून घ्यावी. करार पुढे चालवायचा की नाही, हे कमिटीने ठरवावे. मात्र माझ्यानंतर ही किल्ली ज्याच्या गळ्यात घालाल, त्याला आधी नाडी मोजता येते का ते बघा. मान डोलावता येते का, ते बघू नका. त्यासाठी तुम्ही आहातच."