पार्सलला वासच नव्हता

मैत्रिणींनो, दुपारपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

माणगावजवळच्या कारखान्यात माझं काम म्हणजे ऑपरेशनच्या हातमोज्यांची पाकिटं उजेडावर धरायची आणि सील बघायचं. सीलमध्ये एक सुरकुती दिसली तरी पाकीट बाद. तिथूनच हवा आत शिरते.

माझे मिस्टर कुवेतला असतात. आमच्या बोर्लीतून कोणी तिकडे निघालं की घराघरातून पार्सलं जातात. गेल्या आठवड्यात शेजारचे चाचा निघाले, त्यांच्याकडे मी सुकट, म्हणजे आपली वाळवलेली कोळंबी, दिली. या वेळी छोटं सीलिंग मशीन आणलं होतं. सवयीने पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून तपासली. एकही सुरकुती नाही! स्वतःवरच खूश झाले.

आज यांचा फोन आला. "पार्सल मिळालं गो. सील एकदम झकास."

"मग आवाज असा का?"

"दर वेळी खोलीचं दार उघडलं की कळायचं, घरून काहीतरी आलंय. बाकीचे नाक दाबायचे, मी बॅगेजवळच बसून राहायचो. या वेळी वासच नाही आला."

"अहो, मग फोडा ना पिशवी!"

"फोडली की संपेल. तशीच उशाशी ठेवलीय."

फोन ठेवला आणि सीलिंग मशीन पुन्हा बाहेर काढलं.

उद्या चाचांची सूनही कुवेतला निघतेय. आत्ता सुकटीची नवी पिशवी सील केली आणि मुद्दाम एक सुरकुती राहू दिली. कामावर असते तर बाद केली असती.

तुम्हीच सांगा, ही पास करू ना?