त्याच्या आईला लावलेलं कुंकू

ताईच्या गालावर ब्लेड फिरवणारा आमच्याच गल्लीतला. सिंधीपुऱ्यात त्यांचं घर आमच्या समोरच. ती लग्नाला नाही म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. पोलिसांनी त्याला उचललं, जेलात टाकलं. टाके निघाल्यावर ताई पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागली. ओढणीनं गाल झाकून, पण जात होती. म्हणायची, "तो आत आहे तोवर मी बाहेर आहे."

मग घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. बायकांच्या घोळक्यात त्याची आईपण येऊन बसली. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आईला आत ओढून म्हटलं, हिला आत्ताच्या आत्ता उठव. आई म्हणाली, दारात आलेल्या सवाष्णीला कुंकवाशिवाय कसं पाठवू? तिनं कुंकू लावलं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली, हातात कैरीची डाळ दिली. त्या बाईच्या सुनेनं मोबाइलवर फोटो काढला. फोटो सगळ्याच काढत होत्या, आम्हाला काय माहीत!

त्यांच्या वकिलानं तोच फोटो जामिनाच्या अर्जाला जोडला. म्हणे दोन्ही घरांत सुलह झालीय, येणंजाणं सुरू आहे. आमच्याकडून नाही म्हणायला कोर्टात कुणीच नव्हतं, कारण तारीखच आम्हाला कुणी कळवली नव्हती.

तो सुटल्यावर आम्ही दोघी कोर्टात धावलो. तिथं एका वकीलबाईंनी नीट समजावलं, की ताईला तिथं उभं राहून जामिनाला हरकत घेता आली असती, तो तिचा हक्क होता, वकीलसुद्धा फुकट मिळाला असता. ताई मान हलवत ऐकत होती. मला मात्र रडू आवरेना. डोंबलाचा हक्क! आधी सांगायला काय जीभ झडली होती सगळ्यांची? जामीन रद्द करायचा अर्ज टाकलाय. तारखांवर तारखा पडताहेत.

तो रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसतो आणि आमच्या दाराकडे बघतो. ठाण्यात सांगायला गेलं की विचारतात, पण उसने किया क्या? ताईनं शाळा सोडली.

आईला तिनं एकदाच विचारलं, "त्या बाईची ओटी भरताना, मी आतल्या खोलीत आहे हे तुझ्या ध्यानात होतं का गं?"



यंदा आमच्याकडे गौर बसली नाही. त्यांच्याकडे बसली. ती बाई बोलवायला आली, तेव्हा दार मी उघडलं. ताई आता दार उघडत नाही.