आधी उत्तररंग

दिगंबरसरांच्या शुभदाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका कॅसेटची गुंतलेली टेप पेन्सिलीने सोडवत बसलो होतो. "मधूकाका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि तिथेच मान कलली. मी शटर ओढलं आणि जळगावच्या स्टँडवर धुळ्याची एस.टी. धरली. आता खोटं कशाला बोलू, पारोळ्यापर्यंत मला रडू आलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं... आता घर आवरणार, कॅसेटी निघणार, कुणीतरी शहाणा ती एक कॅसेट नीट ऐकणार आणि माझी तेरा वर्षांची लबाडी उघडी पडणार. जिवाभावाचा माणूस गेला आणि मला माझीच पडली होती. लाज वाटते सांगताना, पण होतं ते असं होतं.

दिगंबरसर मूळचे सावद्याचे, केळीवाल्या घरातले. धुळ्याला देवपुरात राहायचे आणि तिथल्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. महिन्यातून एकदा आईला भेटायला गावी जायचे. जळगावला गाडी बदलावी लागे, तेवढा तास-दीड तास ते माझ्या दुकानात काढत. माझं दुकान स्टँडजवळच, कॅसेट भरून देण्याचं. गिऱ्हाइकाने गाण्यांची यादी आणायची, मी माझ्याकडच्या रेकॉर्डींवरून ती कॅसेटवर उतरवून द्यायची. मधू भरतो ती कॅसेट एकदम साफ, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा माज होता. सर परतताना केळ्यांची एक फणी काउंटरवर ठेवायचे. नको म्हटलं की म्हणायचे, तुझ्यासाठी नाहीच ती, नानांसाठी आहे. नाना म्हणजे माझे वडील. गावाकडची शेती भावाने सांभाळायला घेतल्यापासून ते दिवसभर दुकानात खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक गाण्यावर मत देत.

पंच्याऐंशीच्या सुमारास भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब परदेशी निघालं. त्यांच्याकडून मी रेकॉर्डींचा गठ्ठा आणला. त्यात एक होती, कव्हर नसलेली, साध्या कागदी पिशवीतली. मी ती लावून पाहिली. ऑर्गन काय, बासरी काय, पंधरा मिनिटं झाली तरी गाणं संपेना. मी वैतागून बंद करणार तेवढ्यात सर आले आणि आपली प्रवासाची पिशवी हातात धरून दारातच थांबले. हे प्रोग्रेसिव्ह रॉक रे, म्हणाले, अख्ख्या रेकॉर्डभर एकच गोष्ट असते. मला काही उमगेना, तर त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं, "कीर्तनच समज. पूर्वरंग, उत्तररंग, आणि आख्यान एकच."

गाण्याचे शब्द ऐकून त्यांनीच सांगितलं, आख्यान होतं व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका चित्रकाराचं आणि त्याच्या बायकोचं. त्या काळाचं सरांना भारी वेड. केळं सोलता सोलता सांगत राहायचे. त्या लोकांनी दुःखाचीसुद्धा कला केली होती म्हणे. गेलेल्या माणसाची बट लॉकेटात ठेवायची, सुतकाचं पत्र काळ्या काठाच्या कागदावर लिहायचं, घरातलं घड्याळ बंद करायचं. राणीनेच नवरा गेल्यावर चाळीस वर्षं काळे कपडे उतरवले नाहीत. फुलालाही अर्थ, चित्रातल्या फुलदाणीलाही अर्थ. मी हूं हूं करत ऐकायचो. निम्मं डोक्यावरून जायचं, पण सर बोलायला लागले की गिऱ्हाईकसुद्धा घाई करत नसे.

सरांना ती रेकॉर्ड कॅसेटवर हवी होती. नव्वद मिनिटांची कॅसेट ठरली. एका अंगाला ही अख्खी रेकॉर्ड, दुसऱ्या अंगाला वहिनींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, आवडीची भावगीतं. सर गावाहून परत येईपर्यंत भरून ठेवायची होती. लग्नसराईचे दिवस, ऑर्डरींचा ढीग. पहिल्यांदा ऐकून पाहताना तबकडी जशी ठेवली होती तशीच मी सुरू केली, ती बाजू संपल्यावर उलटवली आणि कॅसेट भरून टाकली. पहिलंच गाणं घंटेच्या ठोक्यांनी सुरू झालं, मग ऑर्गन रडायला लागला. नानांनी पेपर खाली घेतला. "हाई कोन मरी गया रे?" मी म्हटलं, चित्रकाराची बायको. नाना म्हणाले, "सुरवातलेच मानूस मरी गया, मंग पुढे काय शे?"

तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. सर कॅसेट घेऊन धुळ्याला गेले. चार दिवसांनी रेकॉर्ड पुसताना मी मधल्या कागदावरची बारीक अक्षरं वाचली. मी दुसरी बाजू आधी भरली होती. खऱ्या गोष्टीत आधी भेट, बाग, लग्न, आणि मग मरण, आजारपणाच्या आठवणी, बंद घड्याळ. माझ्या कॅसेटीत बाई सुरुवातीलाच मेली होती आणि शेवटी तिचं लग्न लागत होतं. साफ कॅसेट भरणारा मधू! सर आले की सांगू, नवीन भरून देऊ, असं ठरवलं. पण तो जळगावचा मे. पत्र्याखालच्या फळीवर रेकॉर्ड राहून गेली आणि पापडासारखी वाकडी झाली. सुई टिकेना तिच्यावर.

पुढच्या महिन्यात सर आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. म्हणाले, काय रचना केलीय मधू त्या लोकांनी! बायको मरते तिथून सुरुवात, आणि मग तो चित्रकार एकेक चित्र काढत तिला मागे आणतो, आजारातून घरात, घरातून बागेत. शेवटी ती बागेत उभी, जिवंत, लग्नाला निघालेली. मरणाला इतकं मानणाऱ्या त्या काळाला दिलेलं उत्तर आहे हे. त्यावर त्यांनी कॉलेजात भाषणही देऊन टाकलं होतं. मी केळं सोललं.

वहिनी गेल्या एक्क्याण्णवच्या आसपास. पोटाच्या दुखण्याने, चार महिन्यांत. त्यानंतर दोन-तीन महिने सर गावीच गेले नाहीत, म्हणून एका रविवारी मीच देवपूरला गेलो. दुपारची वेळ, खिडकीला ओला पडदा, स्टुलावर टू-इन-वन. माझी कॅसेट चालू होती. दुसऱ्या अंगाची भावगीतं अजून ऐकवत नाहीत म्हणाले, पण हे रोज ऐकतो. गाणी बागेपर्यंत आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. "त्यांनी शेवटी तिला बागेत आणून सोडलं रे. तेवढ्यावर दिवस जातो माझा." मला वाटलं, उठावं आणि पाय धरावेत. सांगावं की सर, तिला त्यांनी नाही आणलं, माझ्या घाईने आणलं... नाही सांगितलं. भ्यालो. कुणाचा आधार काढून घ्यायचा नसतो, असं मी मनाला समजावलं, पण त्यात माझ्या दुकानाची अब्रूही होती, हे मला माहीत होतं.

मागच्या वर्षी कॅसेट झिजून घरघरायला लागली. सर ती घेऊन आले, दुसरीवर उतरवून दे म्हणाले. दोन डेक समोरासमोर, एक बटण दाबायचं काम. मनात आणलं असतं तर तेव्हा क्रम सरळ करता आला असता. बोट बटणावर ठेवून मी उगाच रेंगाळलो. सर माझ्याकडे पाहत होते. "जशीच्या तशी उतरव हं, मधू," म्हणाले. मी तशीच उतरवली. त्या दिवशी फणी मोठी होती, एवढं आठवतं.

चौदाव्याला मी पुन्हा धुळ्याला गेलो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. शुभदाने मला आतल्या खोलीत बोलावलं. स्टूल तिथेच, टू-इन-वन तिथेच. तिने टेबलावर एक सीडी ठेवली. तीच ती रेकॉर्ड, रंगीत पुस्तिकेसकट. ती पुण्याला नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी परदेशातून आणून दिली होती. म्हणजे सरांनी ऐकली असणार. कसाबसा म्हणालो, शुभदा, माझ्याकडून एक चूक झाली होती...

ती हसायलाच लागली. डोळे भरलेले आणि हसतेय. सरांनी सीडी एकदाच ऐकली म्हणे, चष्मा लावून, पुस्तिका वाचत. शेवटी घड्याळ बंद पडलं आणि गाणं संपलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग मोठ्याने हसले, आई गेल्यावर पहिल्यांदाच तसे हसले, असं ती म्हणाली. सीडी बंद करून त्यांनी माझी कॅसेट लावली. मधूकाकांना सांगू का, असं तिने विचारलं तर एकदम घाबरले. "म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस गं. तो लगेच दुरुस्त करून देईल."

मी त्या स्टुलाशेजारी बसलो आणि मग मला रडू आलं, जे पारोळ्याला यायला हवं होतं ते. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं रडू. तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, मी भीतीने आणि ते माझ्या भीतीने. एक जरी बोलला असता तरी त्या कॅसेटीचं वाटोळं झालं असतं. आणि ती मोठी फणी! आता कळलं ती कशाची होती.

कॅसेट शुभदाने मलाच दिली. येताना एस.टी.त मी डबी उघडून आतलं कार्ड पाहिलं. एका अंगाला, नलूची गाणी. नलू म्हणजे वहिनी. दुसऱ्या अंगाला सरांचं तिरपं अक्षर: 'आधी उत्तररंग, मग पूर्वरंग. क्रम मधूचा. असाच राहू द्यावा.'

सध्या ती माझ्या काउंटरवर असते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की लावतो. घंटा वाजते, ऑर्गन रडतो, बाई मरते. नानांची खुर्ची भिंतीशी तशीच आहे, त्यांनाही जाऊन आता पाच वर्षं झाली. त्यांनी विचारलेलं त्या दिवशी मला सांगता आलं नव्हतं. हल्ली बाग यायला लागली की खुर्चीकडे बघून सांगतो, नाना, पुढे लगीन शे.