मोरीचा ढाळ

माणसाची घाण माझ्या धंद्यात जितकी बघायला मिळते तितकी डॉक्टरलाही मिळत नसेल. मी लादीवाला मिस्त्री. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, या पट्ट्यात उभी हयात लोकांच्या मोऱ्या आणि संडास फोडले नि परत बांधले. जाळी उचलली की खालून काय काय निघतं! केसांचे बोळे, साबणाचा चिकट साका, एकदा तर कुणाची तरी कवळी. ते सगळं मी हाताने काढलंय आणि हात धुऊन त्याच हाताने दुपारी भाकरी खाल्लीय. कधी मन मळमळलं नाही. किळस आली ती मागच्या वर्षी, आणि ती माझ्याच हातांची आली.

भिंतीला लादी कोणीही लावेल. ओळंबा धरा, दोरी ताणा, चढवत जा. खरी गोम जमिनीत असते. मोरीची जमीन डोळ्याला सपाट दिसली पाहिजे, पायाला सपाट लागली पाहिजे, आणि पाण्याला मात्र जाळीकडे जायची वाट सापडली पाहिजे. या उताराला आम्ही ढाळ म्हणतो. काम संपलं की घरच्या बाईला हाक मारायची, "ताई, तांब्या आणा, पाणी सोडून बघा." बाई लांबच्या कोपऱ्यात पाणी ओतते आणि सगळं घर दारात जमून बघत राहतं. बाकीचे मिस्त्री तेव्हा उकिडवे बसून पाण्याच्या मागे मागे डोळे फिरवतात. मी नाही हो. बाईने तांब्या कलता केला की मी चपला घालायला बाहेर. जाळीतून गुळगुळ आवाज यायचा तेव्हा माझा एक पाय चपलेत असायचा. लोक म्हणायचे, मिस्त्रीला गुर्मी फार. होतीच. का नसावी?

मग आई पडली.

बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमची तळमजल्याची खोली आहे, तिच्यातली मोरी मीच केलेली. आई सकाळी आंघोळीला गेली, नेहमीसारखी आतून कडी लावली. थोड्या वेळाने धप्प आवाज झाला आणि मग काहीच नाही. हाका मारल्या, दार बडवलं, शेवटी खांद्याने दार तोडून आत घुसलो. आई भिंतीला टेकून वेडीवाकडी पडलेली. मला बघितल्यावर तिने कण्हण्याआधी बाजूचं लुगडं ओढून अंगावर घेतलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं आणि तिला बहिणीकडे नेलं. बहीण अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे राहते, तिच्याकडे कमोड आहे, लिफ्ट आहे.

ती पडली त्याच दिवशी दवाखान्यातून घरी परत आलो तो सरळ मोरीत गेलो. उंबऱ्यापाशी पाणी साचलं होतं. फार नाही, पोळीएवढं. त्यात साबणाचा विरलेला फेस आणि आईचा एक पांढरा केस. शी! मी वाकून बघत राहिलो आणि मला भडभडून आलं. रडू नव्हे, उलटी.

ते पाणी तिथे नेहमीच थांबायचं का? मला आठवेना. रोज त्याच मोरीत आंघोळ करणारा मी, लोकांच्या मोऱ्यांना नावं ठेवणारा मी, आणि मला माझ्या घरातलं आठवेना! की दार तोडताना उंबऱ्याची लादी हलली? की खालचा भराव बसला? बायकोला विचारलं, "तू रोज धुतेस ना, पाणी थांबायचं का गं तिथे?"

"मी पाणी टाकते, खराटा मारते नि बाहेर येते. पाणी कुठे जातं ते बघत बसायला मला वेळ आहे का?" ती म्हणाली.

ओळखीच्या मिस्त्र्यांनी पाठीवर हात ठेवले. "अरे, बिल्डिंग बसली असेल. तुझा ढाळ चुकेल होय?" तोंडं वेंगाडून सांगायचे आणि मी वळलो की गप्प व्हायचे. बहिणीचा नवरा, आमचे दाजी, रोज सकाळी मोबाइलवर व्हिडिओ पाठवायला लागले. त्यात सुटातला एक माणूस हात नाचवत ओरडायचा, "आप अंदर से शेर हो!" अरे, शेराला मोरी बांधता येते का? त्या सगळ्या गोडगोड बोलण्याचा मला असा वीट आला की मी टपरीवर चहाला जाणंच सोडलं.

पुढचं काम उल्हासनगरला एका सिंधी कुटुंबाकडे होतं. लादी बसवली, पण माझा हात मला विचारल्याशिवाय ढाळ वाढवत गेला. मनात एकच, पाणी थांबता कामा नये. थांबलं नाहीच! बादली ठेवली तर तीही जाळीकडे सरकायला लागली. आंघोळीचं स्टूल एका बाजूला कलायचं. घरची बाई मोठी तोंडाळ, पण मनाने वाईट नव्हती. तिने स्टुलावर बसून बघितलं, भिंत धरून उठली आणि म्हणाली, "मिस्त्री, ये बाथरूम बनाया के फिसलपट्टी? मेरा ससुर इधर से सीधा गटर में जाएगा." घरातली सगळी हसली. मी फोडून परत केलं. या वेळी स्वतःच उकिडवा बसून पाणी ओतत राहिलो, ओतायचं, बघायचं, पुसायचं, परत ओतायचं. "अरे बस करो, टंकी खाली करोगे क्या!" बाई वैतागली. मी बाजूला झालो. पाणी नीट जात होतं, असं ते सगळे म्हणत होते. मला मात्र जिकडे बघावं तिकडे ओल दिसत होती.

त्यानंतर मी जमिनीची कामं घ्यायचं बंद केलं. फोन आला की सांगायचो, "भिंती लावतो, जमीन दुसऱ्याकडून करून घ्या." असं कुठे असतं का? न्हावी म्हणतो का, डावीकडचे केस मी कापतो, उजवीकडचे दुसरा कापेल? लोक ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्याला बोलवायचे. मला स्वतःची लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा जास्त घृणा. आरशात बघून दाढी करताना वाटायचं, थू तुझ्या मिस्त्रीपणावर.

घरची मोरी तर मी आईला बहिणीकडे नेलं त्याच आठवड्यात फोडली होती. नवी लादी आणून भिंतीला टेकवून ठेवली, सिमेंटची गोणी आणली, आणि हात काही लागेना. आम्ही नवरा-बायको मागच्या बाजूला पत्रे लावून आंघोळ करायला लागलो. गोणीतलं सिमेंट दमट हवेने गठ्ठे होऊन वाया गेलं. बायको भांडी जरा जोरात आपटायची.

आईचा फोन यायचा. आई आमची वांगणीच्या पुढच्या पाड्यावरची, तिची बोली अजून तशीच आहे. "मना घरा कवा नेतंस?"

"काम चालू आहे गं, होतच आलंय," मी ठोकून द्यायचो.

एकदा तिला भेटायला अंबरनाथला गेलो तर ती आंघोळ करत होती. बाथरूमचं दार अर्धं उघडं, बहीण बाहेर स्टूल टाकून बसलेली. डॉक्टरांनीच सांगितलेलं, आजींना कडी लावू देऊ नका. बहीण दर थोड्या वेळाने आत डोकावून विचारायची, "आई, झालं का?" मी तोंड फिरवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आई वॉकर आपटत बाहेर आली ती लालबुंद.

"उघड्या दारात आंघोल करायची म्हंजे काय, मी म्हस हाय का? कुनी बी येतं, डोकावतं. शिसारी आली मना. माज्या मोरीत मना कडी लावून आंघोल करायची हाय. बाकी तुमच्याकून काय नको."

बहिणीचा चेहरा पडला. तिची काय चूक? तीही नोकरी सांभाळून हे करत होती. मी मधे पडलो नाही. मला माझंच पडलं होतं. बहीण स्वयंपाकघरात गेल्यावर मी आईला हळूच विचारलं, "आई, त्या दिवशी उंबऱ्यापाशी पाणी होतं का गं?"

"आंघोल करत व्हते. पानी नसंल तं काय रेती असंल?"

"तसं नाही. साचलेलं होतं का? पाय त्याच्यावरच घसरला का?"

"मना काय ठावं! पडले नी पडले. तुला काय आता लिहून देऊ?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मोरी झाली का नाय?"

"झालीच."

ही थाप फार दिवस टिकली नाही. एका सकाळी घरासमोर रिक्षा थांबली. आधी वॉकर उतरला, मग आई, मग मागून बहीण, हातात औषधांची पिशवी. "ऐकतच नाही, मी काय करू?" बहीण म्हणाली. आई खुरडत खुरडत थेट मोरीपाशी गेली. आत उघडी माती, फुटके तुकडे, भिंतीला टेकवलेली लादी आणि तिच्यावर कोळ्याची जाळी. मला वाटलं आता माझी खैर नाही. ती प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसली आणि बायकोला म्हणाली, "च्या टाक. मी आता इथून जायची नाय."

त्या शांतपणाने माझा धीर सुटला. "मला जमत नाही गं!" मी ओरडलो. "हात चालत नाही माझा. परत तिथेच पाणी थांबलं तर? परत पडलीस तर?"

"मंग पडंन," आई म्हणाली. "पन आपल्या घरान पडंन. दार लावून."

बायकोने पदर खोचला, बाहेर जाऊन नवी गोणी आणवली आणि माझ्याकडे न बघता माल कालवायला बसली. पाटी समोर आली तेव्हा मला थापी उचलावीच लागली. प्रत्येक लादीवर मी लेव्हल ठेवायचो, उचलायचो, परत ठेवायचो. शेवटी बायकोने लेव्हल काढूनच घेतली. "लादी लावताय की आरती ओवाळताय?" आई कौतुकाने बघत असेल असं कुणाला वाटेल. छे! ती मालिका बघत होती आणि मधेच ओरडत होती की ठोकण्याने तिला ऐकू येत नाही.

जमीन सुकेपर्यंत आईने ओल्या फडक्याने अंग पुसून काढलं. सुकल्यावर मी पाणी सोडलं. गेलं. परत सोडलं. उंबऱ्यापाशी हात फिरवला, ओलं लागलं. नुसतं ओलं की साचलेलं? मी गाल जमिनीला टेकवून उजेडाच्या बाजूने बघायला लागलो. दिसलं काहीच नाही, आणि तरी उठवेना.

"आरं, उठ तिथून," मागून आई म्हणाली. खांद्यावर टॉवेल, हातात वॉकर. "लोलतंस काय मोरीत?"

"आई, कडी नको लावू. नुसतं दार लोट, मी इथेच उभा राहतो."

"तू बाहेर हो आधी."

मोडलेल्या कडीची जागा मी मुद्दाम तशीच ठेवली होती. बघतो तर तिथे नवीकोरी कडी. बायको चुलीकडे तोंड करून उभी होती, तिने कुणाकडून बसवून घेतली ते मी विचारलं नाही. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

"दारातून जा," आतून आवाज. "फटीतून तुजी सावली दिसतं."

मी बाहेरच्या दारापाशी गेलो. करायला काहीच नव्हतं म्हणून एक पाय चपलेत घातला. आत तांब्या बादलीवर आपटला, पाणी पडलं, मग जाळीतून गुळगुळ आवाज आला. दुसरी चप्पल पुढ्यातच होती. आतली कडी निघाल्याचा आवाज येईपर्यंत मी ती घातली नाही.