कठड्यासाठी घेतलेल्या सह्या

“बाबा, उठा ना. खुर्च्या सोसायटीवाल्यांच्या आहेत.”

नगरसेवकाचा माणूस. बंड्या म्हणतात त्याला. दंडाला धरून उठवलं मला. मी बहात्तर वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले. उठलो. मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. टेकडीवरच्या आमच्या वस्तीतले बाकी सगळे तिथेच उभे होते. आम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. खुर्च्यांवरचे लोक बूट घालून बसले होते.

हे घाटकोपरमधलं. आमच्या टेकडीच्या पायथ्याला टॉवर झालाय, त्याच्या हॉलमध्ये. नगरसेवक दर महिन्याला तिथे सभा घेतो. प्रभाग समितीच्या बैठकीत पुढे कोणते विषय येणार, ते लोकांना वाचून दाखवतो. आधी काही वर्षं आम्हाला नगरसेवकच नव्हता. मग निवडणूक झाली, हा आला. लोक खूश. म्हणाले, हा बघा, आधी सांगून मग करणारा माणूस. मीसुद्धा म्हणालो होतो.

त्या दिवशी पडद्यावर यादी लावलेली. तो वाचत होता. पहिला विषय टॉवरसमोरचं पार्किंग. मग नाल्यावरची जाळी. मग बागेतले दिवे. अशा चार विषयांना टाळ्या. मग पाचवा विषय. टेकडीच्या पायऱ्यांवर मधोमध जी सपाट जागा आहे, तिथे ग्रेनाइटचा कट्टा बांधायचा. विसावा कट्टा. आणि त्याला नाव त्याच्या आईचं.

“ही मागणी माझी नाही हं,” तो हसून म्हणाला. “लोकांची आहे. हे बघा, सह्या.”

पडद्यावर कागद आला. पहिलीच सही माझ्या बायकोची.

वेल्डिंगने माझे डोळे खाल्लेत. पण तिची सही मी लांबून ओळखतो. आधी वरची रेघ ओढायची, लांबलचक. मग एकेक अक्षर त्या रेघेला टांगायचं, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं. पन्नाशीत शिकली ती सही करायला.

ती जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. त्याच सपाट जागेवरून पडून.

साकीनाक्याच्या गाळ्यात मी बत्तीस वर्षं वेल्डिंग केलं. ग्रिल, गेट, जिने. टॉवरच्या गॅलऱ्यांचे कठडे. कितीतरी लोक आज मी जोडलेल्या पाइपाला धरून जिना उतरत असतील. माझ्या घराच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला सरळ खाली.

“तुमी वेल्डर मां? मगे घाला कठडो,” ती म्हणायची. “नायतर कोण तरी पडतला एक दिवस.”

मी म्हणायचो, आपण लावला तर अनधिकृत म्हणून कापून नेतील. रीतसर अर्ज कर. दोन रविवारचं काम होतं माझं. केलं नाही. कायद्याने चालायला गेलो. ही चूक माझी. ती मी कोणावर ढकलत नाही.

तिने अर्ज केला. शेजारची सुनंदा अंगणवाडीत शिकवते, तिने लिहून दिला. एका पानावर अर्ज. मागच्या पानांवर सह्या. बायकोने माझी पट्टी घेऊन रेघा मारल्या. नाव, घर नंबर, सही. बस. पानावर वर विषय लिहायचा असतो, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी उन्हाची घरोघर फिरली. लोक जेवत असले तर दारात बसून राहायची. म्हणायची, हात धुवून सही करा, कागदाला तेल लागायला नको.

गठ्ठा नेऊन नगरसेवकाच्या हातात दिला. त्याने फोटो काढून घेतला तिच्याबरोबर. वाकून पाया पडला. घरी आली तेव्हा नवरीसारखी लाजत होती.

मग गिरणीतून दळण घेऊन येताना ती पडली. डब्यातलं पीठ सगळं अंगावर. केसात, तोंडात. लोकांना आधी रक्त दिसलंच नाही.

तेराव्याला तो आला होता. पांढरे कडक कपडे. “काही लागलं तर सांगा, बाबा.” मी म्हटलं, कठडा. तो म्हणाला, “प्रोसेसमध्ये आहे.”

प्रोसेस ती ही. पहिलं पान फाडलं. सह्या ठेवल्या. वर आपल्या आईच्या नावाचं पत्र लावलं.

मी भिंतीपासून पुढे गेलो. हॉलच्या मध्यापर्यंत.

“ती सही माझ्या बायकोची आहे.”

“हो ना, बाबा. काकूंचा आशीर्वाद आहे आपल्याला.”

“सह्या कठड्यासाठी घेतल्या होत्या.”

“सुशोभीकरणात येतं ते सगळं. पुढच्या टप्प्यात कठडाही येईल. बाबा, शिक्षण किती तुमचं?”

“चौथी.”

“मग हे कमिटीवर सोडा ना.”

हसले. खुर्च्यांवरचे हसले. भिंतीजवळचेही दोघं-तिघं हसले, ते जास्त लागलं. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “प्लीज, पार्किंगचं क्लिअर करा ना आधी.” बंड्याने परत माझा दंड धरला. मी बाहेर आलो. माझ्या चपला कुणीतरी पायाने ढकलून गटाराकडे लोटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बंड्या घरी. धापा टाकत वर आला.

“बाबा, भाऊंनी निरोप दिलाय. उद्घाटनाला तुम्हाला स्टेजवर बसवणार. शाल, श्रीफळ, सगळं. नारळ तुमच्याच हातून फोडायचा. आता खूश ना?”

तिच्या फोटोखाली मी बसलो होतो. माझी बायको जिथे मेली तिथे मी नारळ फोडायचा. त्याच्या आईच्या नावाने. आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या.

तोपर्यंत मी नुसता रडका म्हातारा होतो. खरं सांगतो. दोन महिने भिंतीकडे बघत बसायचो, कुणी भात आणून दिला तर जेवायचो. त्या नारळाने माझं डोकं ताळ्यावर आणलं. मला कळलं, हे लोक आपल्याला फसवतात असं नाही. फसवायला समोरचा माणूस आहे असं तरी वाटावं लागतं. यांना आम्ही कागद वाटतो. वरचं पान काढायचं, दुसरं लावायचं.

“बंड्या,” मी म्हटलं, “तुझ्या भाऊला सांग, माझ्या बायकोची सही परत दे.”

“सही कशी परत देणार, बाबा? येडे झालात काय?”

“मग सांग, मी घ्यायला येतोय.”

संध्याकाळी सुनंदाकडे गेलो. ती वही घेऊन बसली.

“काका, आता प्रत्येक पानावर विषय लिहू. वर आणि खाली.”

“आणि शेवटच्या सहीखाली रेघ मार. मधे कुणी घुसायला नको.”

“काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, आता अक्कल आली.”

“बरोबर म्हणाली असती.”

लिहिलं: आम्ही सह्या कठड्यासाठी दिल्या. कट्ट्यासाठी नाही. नावाला आमची हरकत आहे. मग ती फिरली होती त्याच घरांत मी फिरलो. जिथे ती बसली त्या उंबऱ्यांवर बसलो. काहींनी लगेच सही केली. काहींनी दार लोटलं. खालच्या वळणावरचा एक जण म्हणाला, “बाबा, माझ्या नळाचं काम त्याच्या हातात आहे, समजून घ्या.” मी म्हटलं, “समजलो. पण तुझी बायको रोज त्याच पायऱ्यांवरून हंडा आणते.” त्याने मान खाली घातली. सही नाही केली. मी त्याला विसरणार नाही.

प्रभाग समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी कागद वॉर्ड ऑफिसात दिला. पोच घेतली, शिक्का मारून. खिडकीवरची मुलगी म्हणाली, “आजोबा, पाणी प्या.” मी म्हटलं, आधी शिक्का.

पुढच्या महिन्याच्या सभेत त्याने वाचलं, “पाचवा विषय, स्थानिक हरकतीमुळे पुढे ढकलला.” मग माझ्याकडे बोट दाखवलं. “टेकडीवाल्यांनो, तुमचं काम कुणी अडवलं ते बघून ठेवा. आता कठडासुद्धा लांबला.”

लोकांनी बघितलं. त्या दिवसापासून चार घरं माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

काल साकीनाक्याहून पाइप आणले. जुन्या गाळ्यातून मशीन आणलं. टेम्पो खाली थांबला, एकेक पाइप खांद्यावरून वर चढवला. सुनंदाचा नवरा हात द्यायला आला, बाकी कुणी नाही. रविवारपासून काम सुरू. डोळे नाहीत, पण हाताला जोड कळतो. अनधिकृत आहे. मला माहीत आहे. कापायला येऊ देत. कापला तर परत लावीन. पाइपाच्या पहिल्या तुकड्यावर तिचं नाव वेल्डने लिहिणार आहे. ते फाडता येत नाही.

त्याचं वाईट व्हावं असं वाटतं का मला? वाटतं. रोज वाटतं. खोटं कशाला बोलू.

आणि तो येणार. पाच वर्षांनी का होईना, मतं मागायला त्याला या पायऱ्या चढाव्याच लागतील. तोपर्यंत मरायचं नाही, असं मी ठरवलंय. रक्तदाबाच्या गोळ्या परत सुरू केल्यात. तो वर येईल, दम लागेल, हात आपोआप बाजूला जाईल.

मी तिथेच उभा असेन. कठड्याला त्याचा हात लागू देणार नाही.